सोसल्याचं बक्षीस

"तू तर बाओशेठची माणूस," असं कुणी म्हटलं की ले सूफनला एके काळी बरं वाटायचं. आणि ते खोटं नव्हतंच. निंगबोच्या जुन्या बंदराजवळ, एका सुक्या मासळीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बाओ क्वोल्यांगनं सहली काढायचा धंदा सुरू केला, तेव्हा कंपनीत माणसं दोनच होती. एक बाओ, दुसरी सूफन. ती नुकतीच कापडगिरणीतून कमी झाली होती. वय अठ्ठावीस, लेक तीन वर्षांची, नवरा आकन विजेच्या तारांची दुरुस्ती करणारा. गिरणीत बारा वर्षं धोट्यांच्या खडखडाटात काढल्यानं तिला हळू बोलताच येत नसे. बाओनं पाच मिनिटं तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "बास! मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला सुद्धा ऐकू जाईल. उद्यापासून ये."

बस एकच होती आणि ती भाड्याची. पुथुओ बेटावरच्या देवळांना म्हाताऱ्या माणसांना न्यायचं, हांगचौच्या तळ्याकाठी फिरवून संध्याकाळी घरी आणून सोडायचं. सूफन पुढं लाल झेंडी घेऊन उभी, बाओ मागं गरम पाण्याचे थर्मास सांभाळत. कुणाला उलटी झाली तर शेठ स्वतः फडकं घेऊन पुसायचा. एकदा घाटात बस बंद पडली. चाळीस माणसं, थंडी, आणि दुसरी बस यायला चार तास. बाओ सगळ्यांपुढं उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "ड्रायव्हर सांगत होता, गाडीला विश्रांती द्या. मीच लोभानं एक खेप जास्त लावली. चूक माझी आहे. शिव्या घालायच्या त्या मला घाला, पण आधी शेवया खाऊन घ्या." रस्त्याकडेच्या खानावळीत त्यानं सगळ्यांना जेवू घातलं. शिव्या दोघांनीच घातल्या. बाकीचे पुढच्या महिन्यात पुन्हा सहलीला आले.

बसनंतर विमानं आली. आधी दुसऱ्यांची. बाओ मोठ्या कंपन्यांच्या विमानातल्या जागा घाऊक भावानं घ्यायचा आणि सहलीची माणसं बसवायचा. मग अख्खी विमानंच भाड्यानं घेऊ लागला. खासगी माणसालाही विमान कंपनी काढता येईल असं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा तो दोन दिवस झोपला नाही म्हणतात. शिक्के, परवाने, तपासण्या यांत दीड वर्ष गेलं आणि शेवटी भाड्याची तीन विमानं आली. शेपटीवर निळी पाकोळी रंगवलेली. नाव हाइयान, म्हणजे समुद्रावरची पाकोळी. पहिलं विमान उतरलं त्या दिवशी कंपनीची सगळी माणसं कुंपणाशी उभी होती. सूफन ढसाढसा रडली. पहिल्या फेरीत बसच्या सहलीतलीच म्हातारी माणसं होती. त्यांतल्या एका आजींनी विमानाच्या दारात चपला काढून हातात घेतल्या, आणि बाओनं त्या खाली वाकून पुन्हा त्यांच्या पायांत घातल्या. सूफननं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पुढं कितीतरी वर्षं ती त्याच्याबद्दल एक वावगा शब्द ऐकून घेत नसे.

धंदा मात्र त्यानं असा चालवला की भल्याभल्यांनी तोंडात बोट घातलं. सगळी विमानं एकाच जातीची, म्हणजे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो आणि कुठलाही स्क्रू कुठंही बसतो. मागचं स्वयंपाकघर काढलं आणि तिथं सहा खुर्च्या वाढवल्या. जेवण विकत, पाणी विकत, पिशवी तोलून आत. हवाई सुंदऱ्याच झाडू मारणार. विमान उतरल्यापासून पस्तीस मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे, दिवसाला सहा फेऱ्या झाल्या पाहिजेत. बाओ म्हणायचा, "जमिनीवर उभं विमान म्हणजे टोपलीतली मासळी. जितका वेळ राहील तितका वास मारणार." तिकीट इतकं स्वस्त की कपड्यांच्या कारखान्यातली पोरंसुद्धा गावी विमानानं जाऊ लागली. तिनाची अकरा विमानं झाली, अकराची चौतीस, आणि मग एकसष्ट. मासळीच्या दुकानावरची खोली जाऊन काचेची सतरा मजली इमारत आली.

पण एकसष्ट झाली तरी जास्तीचं असं एक विमान कंपनीनं कधी ठेवलं नाही. सकाळी एका गावात धुकं पडलं की संध्याकाळी पाच गावांत माणसं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेली. आणि निंगबोत त्या माणसांसमोर उभी राहायची सूफन. आता ती विमानतळावरच्या खिडक्यांची प्रमुख होती. अंगावर निळा कोट, गळ्यात रुमाल. शिव्या खाणं हेच तिचं काम झालं होतं, आणि ते ती चोख करायची. कोण चिडलंय, कोण घाबरलंय, कुणाला नुसतं बोलून घ्यायचंय, हे तिला लांबूनच कळे.

पुढं काचेच्या इमारतीतून तोंग नावाचा एक तरुण साहेब आला. त्यानं येताच सगळ्यांना एक हातभर कागद वाटला. उशीर झाला तर काय बोलायचं, त्याची वाक्यं. कारणं दोनच: हवामान, किंवा आकाशात गर्दी. तिसरं कारण तोंडातून निघालं तर पगारातून कापणार.

"आणि विमानच नसलं तर?" सूफननं विचारलं होतं.

"सूफनताई," तोंग हसला, "विमान नाही असं कधी नसतं. ते कुठंतरी असतंच."

हसण्यावारी गेलं. वरून जे कळवायचे ते ती सांगायची. आतल्या कंट्रोलरूममध्ये काय चालतं ते तिला कुठून दिसणार?

ऑक्टोबरातली गोष्ट. आकाश धुतल्यासारखं निळं. अकरा वाजून वीस मिनिटांचं ग्वेइयांगचं विमान होतं. साडेदहाला वरून निरोप आला: ग्वेइयांगला हवा खराब, दोन वाजेपर्यंत थांबा. प्रवासी बहुतेक कपड्यांच्या कारखान्यांतले, डोंगराळ मुलखातून पोटासाठी आलेले. कुणाजवळ सुकी मासळी, कुणाजवळ पोरांसाठी बूट. ते निमूट बसले. पावणेबाराला एक चाळिशीची बाई सूफनच्या खिडकीशी आली. केसांत सुतकाचं पांढरं सुताचं फूल. लोंग छाइफंग तिचं नाव.

"ताई, नक्की किती वाजता सुटेल?"

"दोन वाजता कळेल. ग्वेइयांगला हवा खराब आहे."

"मला तिथून पुढं गावाला पाच तास बस आहे. शेवटची बस साडेचारला. उद्या पहाटे आईला उचलायचंय. पंचांग बघणाऱ्यानं वेळ काढून दिलीय, ती पुढं ढकलता येत नाही."

"मी समजू शकते, बाई. पण हवेपुढं कुणाचं चालतं?"

बाई गेली. वीस मिनिटांनी परत आली, हातात फोन, फोनवर कुणाचा तरी चेहरा. "हा माझा भाऊ. ग्वेइयांगच्या विमानतळाबाहेर उभाय मला न्यायला. बघा! ऊन पडलंय. टोपी घालून उभाय तो."

सूफननं पाहिलं. खरंच ऊन होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तोंडातून कागदावरचंच वाक्य निघालं. "वर आकाशात हवा खराब असते, बाई. खालून दिसत नाही."

"आत्ता दुसऱ्या कंपनीचं विमान उतरलं तिथं! भाऊ म्हणतो, त्यानं डोळ्यांनी बघितलं."

"प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात."

"मग मला त्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवा."

"ते आमच्या हातात नाही."

"तुमच्या हातात आहे तरी काय मग?"

"कृपया समजून घ्या. हवामानामुळे..."

पुन्हा हवेचंच कारण ऐकल्यावर छाइफंगचा हात वर आला आणि फाडकन सूफनच्या गालावर बसला. रुमाल सुटला. सभोवार शंभर माणसं, त्यातल्या वीस जणांनी फोन वर धरलेले. सूफनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांत तिच्यावर पाण्याच्या बाटल्या आल्या होत्या, थुंकी आली होती, पण गालावर हात कुणी टाकला नव्हता. पोलीस आले आणि त्या बाईला घेऊन गेले.

चौकीत छाइफंग भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोलीस म्हातारा होता, समजूतदार. तो सूफनला म्हणाला, "बाईची आई गेलीय. तुम्ही माफ केलं असं लिहून देत असाल तर समज देऊन सोडतो. संध्याकाळचं विमान तरी मिळेल तिला."

तोंग तोवर धावत आला होता. त्यानं सूफनला बाजूला घेतलं. "ताई, सही करू नका. आज तुम्हाला मारलं, उद्या आपल्या पोरींना मारतील. कंपनी तुमच्या पाठीशी आहे. हा तुमच्या एकटीच्या इज्जतीचा प्रश्न नाही."

गाल अजून हुळहुळत होता. सूफन म्हणाली, "मी माफ करणार नाही."

छाइफंगनं मान वळवून एकदाच तिच्याकडे पाहिलं. पाच दिवस कोठडी झाली. कंपनीनं तिचं नाव काळ्या यादीत टाकलं. हाइयानच्या विमानात तिला पुन्हा पाय ठेवता येणार नव्हता. ग्वेइयांगचं विमान संध्याकाळी सातला सुटलं, तिच्याशिवाय.

चित्रफीत देशभर फिरली. लोक हळहळले ते सूफनसाठी. मार खाऊनही हात न उचलणारी, पुन्हा रुमाल नीट बांधून पुढच्या प्रवाशाला उत्तर देणारी बाई! कंपनीनं ठरवलं की वसंतोत्सवाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधीच्या वार्षिक मेळाव्यात तिचा सत्कार करायचा. असं बक्षीसच होतं कंपनीत, अपमान गिळून काम करणाऱ्यासाठी. सगळे त्याला 'सोसल्याचं बक्षीस' म्हणायचे. काचेची पाकोळी, मानपत्र, आणि जोडीनं परदेशातल्या फुकेतच्या किनाऱ्याची सहल.

मेळाव्याच्या चार दिवस आधीची दुपार. सूफन आणि तिच्या हाताखालची नी जेवायला बसल्या होत्या. नी म्हणजे पंचविशीची, बोलकी, पोटात काही न राहणारी पोरगी.

"ताई, फुकेतला गेलात की मला शंखांची माळ आणा. आणि विमानात खिडकीशी बसा. त्या दिवशी आम्ही नेलं ना ते विमान, त्यातल्या खिडक्या नव्या आहेत."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला ती बाई... त्या दिवशी. मी परदेशाच्या खिडकीवर होते ना. फुकेतच्या विमानाला पक्षी धडकला होता, इंजिनात गेला. सहलीची सगळी माणसं खोळंबली, तोंगसाहेबांचा फोनवर फोन. मग चिंगताओहून आलेलं ते तुमचं ग्वेइयांगचं विमान वळवलं आम्हाला. लांबच्या फलाटावर उभं होतं, बसनं नेलं माणसांना. अगदी वेळेत सुटलं!" नी एकदम थांबली. "तुम्हाला... सांगितलं नव्हतं कुणी?"

सूफननं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "म्हणजे विमान इथंच होतं?"

"अकराला सुद्धा इथंच होतं, ताई."

सूफन तशीच उठून तोंगच्या खोलीत गेली. तोंगनं आधी कानावर हात ठेवले, मग खांदे उडवले.

"ताई, जरा धंद्याच्या बाजूनं बघा. फुकेतची माणसं आपल्याच सहलीची, हॉटेलं ठरलेली. परदेशी विमानतळावरची वेळ चुकली तर पुन्हा मिळत नाही. ग्वेइयांगची माणसं थांबतात. त्यांना सवय असते."

"सवय असते?"

"म्हणजे... तक्रार कमी करतात. आणि कारण हवामान दाखवलं की जेवण, राहणं, भरपाई काही द्यावं लागत नाही. सगळेच करतात हे."

"त्या बाईची आई मेली होती, तोंगसाहेब."

"तिनं हात उचलला, ताई. तो तर खराच ना?"

"आणि चौकीत मला सही करू नको म्हणालात, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

तोंगनं संगणकाकडे पाहिलं. एवढं उत्तर पुरे होतं.

घरी येऊन तिनं आकनला सगळं सांगितलं. तो निंगबोचे भाताचे वडे परतत होता. त्यानं आच कमी केली. "बक्षीस नको म्हणून कळव. आजारी आहे सांग."

"पुन्हा खोटं? आता मी स्वतःसाठी सुद्धा खोटं बोलू?"

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही. पण अंगाची लाही होतेय, आकन. ती बाई खरं बोलत होती आणि मी तिला तोंडावर खोटी ठरवत होते. तेही हसतमुखानं. वर तिला आत टाकली, आणि मला देतायत फुकेतची सहल! त्याच विमानानं!"

मेळाव्याला दीड हजार माणसं होती. वैमानिक, सुंदऱ्या, मेकॅनिक, सगळे गोल टेबलांभोवती. मंचावर पडद्यावर चित्रफीत दाखवली: थप्पड, सुटलेला रुमाल, पुन्हा बांधलेला रुमाल. लोकांनी डोळे पुसले. बाओशेठ स्वतः पाकोळी घेऊन उभा होता. केस पांढरे झालेले, पण हसू तेच, थर्मास वाटायच्या दिवसांतलं.

सूफननं पाकोळी हातात घेतली नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली.

"हे बक्षीस मी घेणार नाही. मला ज्या बाईनं मारलं ती खोटं बोलत नव्हती. खोटं मी बोलत होते. तिथं ऊन होतं आणि मी पाऊस सांगत होते. विमान इथंच उभं होतं, ते फुकेतला पाठवलं. त्या बाईला आईचं तोंड बघता आलं नाही. सोसलं ते तिनं. मी काही सोसलं नाही."

अर्ध्या सभागृहानं सवयीनं टाळ्या वाजवल्या. आभाराचं भाषण असणार असंच त्यांनी धरलं होतं. मग टाळ्या इथं तिथं बंद पडत गेल्या. कुणीतरी घाईघाईनं संगीत लावलं. मेकॅनिकांच्या एका टेबलावरून मात्र कुणीतरी हातातला पेला टेबलावर दोनदा आपटला, खणखणीत. सूफन पायऱ्या उतरून सरळ दाराबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सतराव्या मजल्यावर बोलावणं आलं. खोलीत बाओ एकटाच होता. त्यानं स्वतः चहा ओतला.

"एकवीस वर्षं, सूफन. माझ्याकडे यायचंस. दार कधी बंद होतं तुला?"

"तुमच्या दाराशी तीन सचिव बसतात, बाओशेठ."

"ठीक. आता ऐक. जास्तीचं एक विमान उभं ठेवलं तर तिकीट वाढतं. तिकीट वाढलं की तीच कारखान्यातली माणसं पुन्हा आगगाडीच्या दारात लटकणार. त्यांना आकाशात नेलं कुणी? मी नेलं. त्यांच्यासाठीच चाललंय हे."

"मी जास्तीचं विमान मागतेय कुठं? मी म्हणते, खरं सांगा. सकाळी साडेदहाला सांगितलं असतं की विमान दुसरीकडे नेलंय, तर त्या बाईनं दुसरं तिकीट काढलं असतं. उसनं करून काढलं असतं, पण गेली असती."

"आणि उरलेल्या एकशे ऐंशी जणांनी खिडक्या फोडल्या असत्या."

"खिडकीमागं तुम्ही नव्हता. मी होते. फोडलं ते माझं थोबाड फोडलं, आणि तेही खोट्यापायी. घाटात बस बंद पडली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना, लोभ माझा, चूक माझी? कुणी मारलं होतं तुम्हाला?"

"ते चाळीस लोक होते, सूफन. हे वर्षाला एक कोटी माणसांचं आहे."

"मग कोटीभर माणसांशी खोटं बोललं की पाप कमी होतं का, शेठ?"

बाओनं पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला. क्षणभर तिला वाटलं, बोलेल काहीतरी, जुना बाओ. पण तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून तू हरवलेल्या सामानाच्या खोलीत बस. शांत काम आहे. वयही झालं आता."

"आणि काळ्या यादीतलं तिचं नाव?"

"जे मारतात त्यांच्यासाठीच यादी आहे ती."

तिनं चहाला हात लावला नव्हता. तसाच सोडून ती उठली.

आठवड्याच्या सुट्टीला ती चौकीतल्या म्हाताऱ्या पोलिसाकडून पत्ता घेऊन छाइफंगच्या कारखान्यावर गेली. शर्ट शिवणारा मोठा कारखाना. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तशा हजार बायका बाहेर आल्या. छाइफंग कठड्यावर डबा घेऊन बसली. तिनं सूफनला ओळखलं आणि डबा मिटला.

"कशावर सही हवी आहे?"

"सही नको. मी सांगायला आलेय." आणि सूफननं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पक्षी, फुकेत, लांबचा फलाट. बरोबर आणलेल्या संत्र्यांची पिशवी हातातच राहिली.

छाइफंग म्हणाली, "आमच्याकडे आई गेली की मोठ्या लेकीनं रडत पुढं चालायचं असतं. मी नव्हते, म्हणून भावानं रडणारी बाई भाड्यानं आणली. ती माझं नाव घेऊन रडली म्हणे. सगळा गाव ऐकत होता."

"मी चौकीत माफ केलं असतं तर..."

"हो. केलं असतंत तर रात्रीपर्यंत ग्वेइयांगला पोचले असते, आणि भावानं कुणाची तरी गाडी काढली असती." तिनं ते इतकं सपाट आवाजात सांगितलं की सूफनला दुसरी थप्पड बसल्यासारखं झालं. "तुम्हाला मारलं ते चुकलंच माझं. पण तुमच्या शेठपर्यंत माझा हात कुठं पोचणार? जिथवर पोचला तिथवर मारलं."

"मी सरकारच्या विमान खात्याकडे तक्रार करणार आहे. विमानाचा नंबर, वेळ, सगळं लिहून. तुमचं नाव घालू का?"

"घाला. माझं नाव तसंही सगळीकडे लागलंय." जाताना तिनं पिशवीतलं एकच संत्रं घेतलं.

तक्रार लिहायला सूफनला नऊ दिवस लागले. गिरणीतल्या बाईचं अक्षर ते. नीनं गुपचूप त्या दिवशीच्या फलाटाचा कागद आणून दिला आणि एका मेकॅनिकनं पक्षी धडकल्याची वेळ लिहून दिली. अडीच महिन्यांनी खात्याकडून उत्तर आलं: चौकशी झाली, उशिराचं कारण 'हवामान' ऐवजी 'कंपनीचे नियोजन' असं दुरुस्त करण्यात आलं, प्रवाशांना नियमानं भरपाई देण्यात आली. आणि कंपनीचं एक पत्र छाइफंगला गेलं: दयेच्या भावनेतून आपलं नाव यादीतून वगळण्यात येत आहे.

ते पत्र छाइफंगनं फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा सूफन घरभर येरझारा घालत होती. "दया! ह्यांनी तिच्यावर दया करायची? चोर तो चोर आणि वर शिरजोर! माफी हा शब्द लिहायला काय बोटं झडत होती?"

"ताई, जाऊ द्या," पलीकडून छाइफंगच तिला समजावत होती.

तोंगला बढती मिळाली. हाइयानची विमानं एकाहत्तर झाली. सूफननं उन्हाळ्यापर्यंत हरवलेल्या पेट्यांमध्ये दिवस काढले आणि पन्नाशी भरली तशी निवृत्त झाली. निरोपाला फुलं आली, बाओशेठ आला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात छाइफंगचा फोन आला. आईचं वर्षश्राद्ध होतं, ती गावी निघाली होती.

"आगगाडीनं?"

"तुमच्याच विमानानं."

"त्यांच्या विमानानं? एवढं झाल्यावर? दुसरी कंपनी नाही का जगात?"

"दुसरीचं तिकीट दीडपट आहे. आगगाडीला अख्खा दिवस जातो आणि मुकादमानं सुट्टी दोनच दिवसांची दिलीय. रागावून काय करू, ताई? राग धरून बसायला सुद्धा सुट्टी लागते."

सूफननं फोन ठेवला आणि आकनवर ओरडली. आकन म्हणाला, "तुला नक्की कुणाचा राग आलाय?"

"सगळ्यांचा! तिचासुद्धा. माझासुद्धा."

पण त्या दिवशी सकाळी ती विमानतळावर गेली. छाइफंगच्या हातात पोरांसाठी दोन पिशव्या होत्या, एक वजनात जास्त भरली; सूफननं तिथंच वाकून सामान इकडचं तिकडं लावून दिलं. तेवढ्यात फलकावर वेळ बदलली. रांगेत कुजबुज सुरू झाली. खिडकीमागं आता प्रमुख म्हणून नी उभी होती. तिची आणि सूफनची नजरानजर झाली. नीनं हातातला कागद खाली ठेवला आणि ध्वनिक्षेपक ओढून घेतला.

"ग्वेइयांगचे प्रवासी, ऐका. तुमचं विमान चिंगताओहून उशिरा निघालंय. टायर बदलावं लागलं. आमच्याकडे दुसरं विमान नाही. पन्नास मिनिटं उशीर होईल. ज्यांना पुढं बस पकडायचीय त्यांनी माझ्याकडे या, बघू काय करता येतं."

एक माणूस पुटपुटला. दुसऱ्यानं शिवी हासडली. दोघं तिघं खिडकीकडे गेले. बाकीच्यांनी पेट्या भिंतीला लावल्या, डबे उघडले. छाइफंगनं भावाला फोन करून वेळ कळवली आणि सूफनशेजारी बाकावर टेकली.

"हे एवढंच होतं?" सूफन मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की दारावरचा पहारेकरी वळून बघू लागला. "चार वाक्यं! टायर, विमान नाही, पन्नास मिनिटं, माझ्याकडे या. ही चार वाक्यं बोलायला ह्यांना माणसाची आई मरावी लागते?"

"हळू, ताई," छाइफंग म्हणाली, आणि तिनं डब्यातला अर्धा भात सूफनच्या पुढं केला.